ॲलन मूरच्या सुपरहिरो कॉमिक्सवरून समीक्षकांशी वाद घालायचा असेल तर

ॲलन मूर या ब्रिटिश कॉमिक्स-लेखकाचं नाव निघालं की बहुतेकांची वाक्यं आधीच तयार असतात. त्याचं बारा अंकांचं वॉचमेन म्हणजे सुपरहिरोंचं पोस्टमॉर्टम, मूरला सुपरहिरो मुळात आवडतच नाहीत, सुपरमॅनवर लिहिलं ते किरकोळ काम आणि नंतरचं सुप्रीम, टॉम स्ट्राँग वगैरे म्हणजे नुसता जुन्या आठवणींचा खेळ. मोठे समीक्षक एकदा असं बोलून गेले की बाकीचे त्यांची री ओढतात. मला यातलं बरंचसं पटत नाही, आणि पटत नाही हे नीट सांगायचं कसं ते शिकायला मला बरीच वर्षं लागली, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहून काढू, कारण माझ्यासारखे अजून खूप जण असणार ज्यांना आतून वाटत असतं की अरे हे पुस्तक मी तर वेगळंच वाचलंय, पण बोलायची वेळ आली की शब्द सापडत नाहीत आणि शेवटी "जाऊ दे, आवड आपापली" म्हणून विषय मिटतो.

तर आवड आपापली हे सगळ्यात आधी सोडून द्या. समीक्षक काही तुमच्या आवडीबद्दल बोलत नसतो, तो पुस्तकात काय आहे त्याबद्दल बोलत असतो, मग उत्तरही पुस्तकातूनच द्यायला हवं.

आणि त्यासाठी कॉमिक परत वाचायचं. आठवणीवर अजिबात विसंबू नका, हे मी स्वतः तोंडावर पडून शिकले आहे. एकदा वॉचमेनवर जोरात वाद चालला होता आणि मी ठासून सांगितलं की पूर्ण पुस्तकात प्रत्येक पान नऊ चौकटींचं आहे, त्या शिस्तीतच सगळी गंमत आहे. समोरच्याने शांतपणे पुस्तक उघडलं आणि एकामागून एक पानं दाखवली जिथे दोन-तीन चौकटी जोडून एक मोठी केलेली आहे. नऊ चौकटींचा सांगाडा सगळीकडे खाली असतो हे खरं, पण तो कुठे मोडलाय आणि का मोडलाय हाच तर खरा अभ्यासाचा भाग, आणि तोच मी विसरले होते. त्यानंतर माझं बाकीचं बरोबर असलेलं बोलणंही कुणी ऐकलं नाही, आणि मला वाटतं ते योग्यच होतं. तेव्हापासून अंक समोर उघडा असल्याशिवाय मी तोंड उघडत नाही.

दुसरं म्हणजे समीक्षकाचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं मांडता आलं पाहिजे. हे जरा कठीण जातं, कारण आपल्याला राग आलेला असतो आणि आपण त्याच्या लेखातलं सगळ्यात कच्चं वाक्य उचलून त्याच्यावर तुटून पडतो. पण त्याने काही सिद्ध होत नाही. उदाहरण घेऊ. वॉचमेन निराशावादी आहे, माणसांवर त्याचा विश्वास नाही असं म्हणतात, तर त्या म्हणण्याची सगळ्यात भक्कम बाजू काय? ती अशी की गोष्टीत जगाला वाचवायला निघालेला माणूस लाखो लोकांना मारतो आणि त्याची योजना यशस्वी होते, बाकीचे हिरो ते कळल्यावर गप्प बसायचं ठरवतात, जो एकटा गप्प बसायला तयार नाही तो रोर्शाक स्वतःच डोक्याने बिघडलेला आणि क्रूर आहे आणि त्यालाही मारून टाकलं जातं, आणि ज्याच्याकडे देवासारखी ताकद आहे तो डॉक्टर मॅनहॅटन सगळं सोडून निघून जातो. हे सगळं पुस्तकात आहे, नाकारायचं कारणच नाही. हे इतक्या स्वच्छपणे तुम्ही आधी मांडलंत ना, की ऐकणाऱ्याला कळतं की हा माणूस वाचून आलाय, आणि मग तो पुढचं ऐकून घेतो.

आता तुमचं पान शोधा. पूर्ण पुस्तकाबद्दल मोठमोठी विधानं करू नका, एक पान, फार तर दोन, ज्याच्यावर बोट ठेवून म्हणता येईल की हे बघा, तुमच्या सिद्धांतात हे बसत नाही. माझं पान ठरलेलं आहे, अकराव्या अंकाचा शेवट. न्यूयॉर्कमधला तो चौकाचा कोपरा आपण तिसऱ्या अंकापासून बघत आलोय. पेपर विकणारा म्हातारा आहे, दिवसभर बडबड करणारा, स्वतःला जगाचं सगळं कळतं असं समजणारा. त्याच्या स्टॉलला टेकून एक पोरगा बसतो आणि चाच्यांचं कॉमिक फुकटात वाचतो. दोघांचं कधी धड बोलणं होत नाही, म्हातारा बोलतो आणि पोरगा वाचतो. आणि शेवटी शेवटी त्यांना कळतं की दोघांचं नाव एकच आहे, बर्नार्ड. त्याच वेळी तिथे रस्त्यावर दोन बायकांचं भांडण मारामारीवर येतं. रोर्शाकवर उपचार करणारा मानसोपचारतज्ज्ञ माल्कम लाँग तिथे असतो, त्याची बायको त्याला सांगते की तू यात पडलास तर आपलं संपलं, आणि तरी तो भांडण सोडवायला जातो, कारण त्याला जावंच लागतं, त्याला बघून सोडून देता येत नाही. आणि मग त्या कत्तलीचा पांढरा प्रकाश. म्हातारा पोराला मिठी मारतो, दोघांच्या आकृती एकमेकांत मिसळतात, विरत जातात आणि मग चौकटीत काहीच उरत नाही.

मी हे पान कितीदा बघितलं असेल सांगता येणार नाही, अजूनही घशाशी येतं.

समीक्षक यावर काय म्हणेल तेही आधीच विचारात घ्या. तो म्हणेल, बरोबर, पण ते सगळे मेले ना, मदत करून काय फरक पडला, हीच तर निराशा. इथे घाई करू नका, कारण हा प्रश्न खरा आहे. माझं उत्तर असं आहे की ज्याने हे घडवलं त्या ओझिमँडियसच्या हिशोबात ही माणसं म्हणजे एक आकडा आहेत, लाखांमधले काही. पण मूर आणि चित्रकार डेव्ह गिबन्सने कितीतरी अंक खर्ची घातलेत ते ही माणसं आकडा राहू नयेत म्हणून, त्यांची नावं, त्यांची भांडणं, त्यांच्या सवयी आपल्याला माहीत व्हाव्यात म्हणून. बाराव्या अंकाची सुरुवात सलग सहा पूर्ण पानांच्या चित्रांनी होते, इतके दिवस छोट्या चौकटींत बांधलेली गोष्ट एकदम उघडी होते आणि समोर नुसती प्रेतं, आणि आपण त्यात ओळखीचे चेहरे शोधायला लागतो. ज्या पुस्तकाला माणसांची पर्वा नाही ते आपल्याला असं शोधायला लावणार नाही. झगा घातलेला एकही जण त्या कोपऱ्यावर नाही, आणि तरी जे काम सुपरहिरोने करायचं, मध्ये पडायचं, तेच तिथे घडतं, साध्या कपड्यातल्या माणसाकडून. म्हणून मला हे पुस्तक सुपरहिरो या कल्पनेचा तिरस्कार करणारं वाटत नाही. ते विचारतं की त्या कल्पनेतलं चांगलं नक्की कुणाकडे आहे.

हे तुम्हाला पटलं पाहिजे असं नाही, तुमचं पान वेगळं असेल. पद्धत लक्षात घ्या. एक पान, त्यात काय दिसतं, समोरचा काय म्हणेल, आणि त्यावर तुमचं उत्तर. फक्त एका चौकटीवरून सुतावरून स्वर्ग गाठू नका, पान असं निवडा जे गोष्टीच्या कण्याला जोडलेलं आहे.

तारखा बघायची सवय लावा, याने फार मोठी मदत होते आणि हे कुणी करत नाही. मूर सुपरहिरोंना मारायला निघाला होता असं म्हणणाऱ्यांना मी एकच गोष्ट दाखवते. वॉचमेनच्या पहिल्या अंकावर महिना आहे सप्टेंबर १९८६. आणि त्याच सप्टेंबर १९८६ चा महिना छापलेले दोन अंक अजून आहेत, सुपरमॅन क्रमांक ४२३ आणि ॲक्शन कॉमिक्स क्रमांक ५८३, ज्यात मूरनेच जुन्या सुपरमॅनची शेवटची गोष्ट लिहिली, कारण पुढे जॉन बर्न सगळं नव्याने सुरू करणार होता. चित्रं कर्ट स्वानची, ज्याने कित्येक दशकं सुपरमॅन काढला होता. ती गोष्ट वाचा आणि मला सांगा की हे तिरस्काराने लिहिलंय. जुन्या गोष्टींतला छोट्यातला छोटा माणूस, कुत्र्यासकट, तिथे निरोप घ्यायला येतो. मृत्यूही आहेत त्यात, बरेच आहेत, सुपरमॅनच्या हातून कुणाचा तरी जीव जातो आणि त्याची किंमत म्हणून तो आपली ताकद स्वतःहून सोडून देतो. एकाच महिन्यात एकच लेखक हे दोन्ही लिहितोय, तर त्याचा एकच एक सूर होता असं म्हणणं अवघड होतं ना.

आणि किरकोळ काम म्हणतात त्याबद्दल. १९८५ च्या सुपरमॅन ॲन्युअल क्रमांक ११ मधली गोष्ट, मूर आणि डेव्ह गिबन्सचीच, म्हणजे वॉचमेनच्या आधीची याच जोडीची. सुपरमॅनचा वाढदिवस, बॅटमन, रॉबिन आणि वंडर वूमन भेटवस्तू घेऊन येतात आणि बघतात तर सुपरमॅन एका परग्रहावरच्या वनस्पतीच्या विळख्यात उभा, भान हरपलेला. ती वनस्पती माणसाला त्याचं सगळ्यात आवडतं स्वप्न दाखवते आणि त्यातच अडकवून ठेवते. स्वप्न अर्थातच हे की त्याचा जन्मग्रह क्रिप्टन फुटलाच नाही. कुणीही दुसऱ्याने लिहिलं असतं तर तिथे सोनेरी शहर आणि सुखी आईबाप दाखवले असते. मूरने काय केलं, क्रिप्टन फुटला नाही म्हणजे सुपरमॅनचा बाप जोर-एल याचं भाकीत चुकलं, म्हणजे तो सगळ्यांच्या हसण्याचा विषय झाला, कडवट झाला आणि एका अतिरेकी चळवळीत शिरला. स्वप्नसुद्धा हळूहळू सडायला लागतं, कारण सुपरमॅनच्या मनाला आतून माहीत आहे की हे खरं नाही. आणि मग तो आपल्या स्वप्नातल्या मुलाला जवळ घेतो आणि त्याला सांगतो की मला वाटतं तू खरा नाहीयेस. मुलगा रडतोय आणि बाप त्याला सोडतोय. हे काम किरकोळ असेल तर मग थोर कशाला म्हणायचं मला कळत नाही. झग्यातल्या हिरोच्या आत किती दुःख मावू शकतं हे दाखवायला मूरला तो झगा फाडावा लागलेला नाही, आणि इथेच माझं आणि बऱ्याच समीक्षकांचं मुळात वाजतं.

चित्रकाराला विसरू नका. समीक्षक बहुतेक वेळा मूर असं करतो, मूर तसं करतो म्हणत जातात, आणि आपणही उत्तर देताना तेच करतो. मूरची स्क्रिप्ट प्रचंड तपशिलात असते, वॉचमेनच्या पहिल्या अंकाची १०१ टाइप केलेली पानं होती असं गिबन्सने सांगितलेलं आहे, पण तरीही चेहऱ्यावरचा भाव काढला तो गिबन्सने, अक्षरंही त्याचीच, आणि ते जांभळे-हिरवे-नारिंगी रंग जॉन हिगिन्सचे, ज्यांनी नेहमीच्या लाल-निळ्या सुपरहिरो रंगांपासून पुस्तक वेगळं पडलं. कधी कधी तुमचं जे मत समीक्षकापेक्षा वेगळं असतं त्याचं कारण शब्दांत नसून चित्रात असतं, तर तिथे शोधा.

याला जोडून अजून एक, आवृत्ती तपासा. द किलिंग जोक हे मूरचं बॅटमनवरचं पुस्तक १९८८ चं, तेव्हा रंग हिगिन्सचे, भडक आणि अंगावर येणारे. २००८ च्या आवृत्तीत चित्रकार ब्रायन बोलंडने स्वतः सगळं परत रंगवलं, थंड आणि मंद. आता एखादा समीक्षक त्या पुस्तकाच्या थंडपणाबद्दल लिहीत असेल आणि तुमच्या हातात जुनी प्रत असेल तर तुम्ही दोघं दोन वेगळ्या वस्तूंबद्दल भांडताय. मूरच्याच मिरॅकलमॅन या सुपरहिरोचंही तसंच, तो आधी वॉरियर मासिकात १९८२ पासून काळ्या-पांढऱ्यात आला, मार्व्हलमॅन या नावाने, रंग आणि नवं नाव नंतर अमेरिकेत मिळालं.

द किलिंग जोकबद्दल बोलताना हेही बघा की आपण ज्याच्याविरुद्ध उभे आहोत तो अजून तिथे आहे का. मला ते पुस्तक आवडत नाही, बार्बरा गॉर्डनला गोळी लागते ती फक्त बॅटमन आणि जोकर या दोन पुरुषांची आणि तिच्या बापाची गोष्ट पुढे जावी म्हणून, तिला स्वतःला काय वाटलं याला पुस्तकात जागाच नाही. पूर्वी हे बोललं की लोक अंगावर यायचे. आता कितीतरी समीक्षकच हे म्हणतात, आणि मूर स्वतःही त्या पुस्तकाबद्दल बरं बोलत नाही. मग तिथे मी बंडखोर असल्याचा आव आणण्यात अर्थ नाही, सरळ म्हणायचं की या मुद्द्यावर मी यांच्याशी सहमत आहे.

लेखकाच्या मुलाखतींचं काय करायचं हा खरा अवघड भाग. मूरने नंतर सुपरहिरोंबद्दल खूप कडक बोललेलं आहे, २०२२ मध्ये तर मोठ्या माणसांच्या सुपरहिरो प्रेमात त्याला फॅसिझमची चाहूल दिसते असं तो म्हणाला. समीक्षक ते आणून टेबलावर ठेवतात की बघा, लेखकच म्हणतोय. तेव्हा घाबरू नका आणि मूरला खोटंही पाडू नका. डीसी या प्रकाशकाशी त्याचं जे बिनसलं, वॉचमेनचे हक्क परत मिळतील असं वाटलं होतं आणि पुस्तक कधी छपाईतून बाहेरच गेलं नाही त्यामुळे ते मिळालेच नाहीत, तो राग खरा आहे आणि मला तो योग्यही वाटतो. मार्व्हलने मिरॅकलमॅन पुन्हा छापलं तेव्हा त्याच्या सांगण्यावरून त्याचं नाव न घालता मूळ लेखक एवढंच छापलं, इतका तो या सगळ्यापासून दूर गेलाय. पण १९८६ चं पुस्तक १९८६ मध्ये लिहिलं गेलं. मधल्या काळात १९९६ पासून त्याने सुप्रीम लिहिलं, १९९९ मध्ये टॉम स्ट्राँग, टॉप टेन, प्रोमिथिया सुरू केलं. लेखकाचं आजचं मत हा एक पुरावा आहे, निकाल नाही. आणि हो, हे दोन्हीकडून लागू होतं, उद्या मूर तुमच्या बाजूचं काही बोलला तर तेही पानावर दाखवल्याशिवाय वापरू नका.

बक्षिसांचंही तेच. वॉचमेनला मिळालेला १९८८ चा ह्यूगो पुरस्कार, टाइम मासिकाच्या २००५ च्या शंभर कादंबऱ्यांच्या यादीतलं नाव, हे सगळं खरं, पण त्याने मुद्दा सिद्ध होत नाही.

जिथे समीक्षक बरोबर आहे तिथे स्पष्ट कबूल करा, आणि ते शेवटच्या ओळीत उरकू नका, मध्यातच करा. सुप्रीम मला मनापासून आवडतं. पहिल्याच अंकात, म्हणजे मूरने घेतलेल्या क्रमांक ४१ मध्ये, अशी जागा येते जिथे त्या हिरोची आजवर बदललेली, रद्द झालेली सगळी रूपं एकत्र राहतात, टाकून दिलेल्या गोष्टींसाठी कुणीतरी घर बांधावं तसं. मला ते फार मायेचं वाटतं आणि त्याला फक्त जुन्याची नक्कल म्हणणाऱ्यांशी मी भांडते. पण चित्रांचा दर्जा सगळीकडे सारखा नाही हे ते म्हणतात ते खरं आहे, रिक व्हीचने जुन्या शैलीत काढलेले भाग आणि बाकीची पानं शेजारी ठेवली की दिसतं. आणि मूरच्या कामात बायकांवरचे अत्याचार वारंवार येतात ही तक्रारही मी नाकारत नाही. वॉचमेनमध्ये सॅली या सुपरहिरोईनवर तिच्याच गटातला एक हिरो हल्ला करतो आणि पुढे तिच्या मनात त्या माणसाबद्दल जे राहतं ते गोष्टीला किती पेलवलंय याबद्दल माझं स्वतःचं मत अजून पक्कं नाही.

लिहून झालं की पाठवायच्या आधी ते पान परत एकदा उघडा. शेवटचं म्हणून नाही, पहिल्यांदा बघतोय असं समजून. मी मागच्या आठवड्यात असंच अकराव्या अंकाबद्दल लिहून ठेवलं होतं, जवळपास वर लिहिलंय तसंच, आणि पान उघडल्यावर लक्षात आलं की माल्कमची बायको ग्लोरिया, तीही तिथेच उभी आहे. ती समेट करायला आली होती, त्याला परत घ्यायची तयारी घेऊन. मी तिला इतकी वर्षं फक्त अडवणारी बायको म्हणून धरत आले, नाव माहीत असूनही, आणि नावानिशी माणसं मोजण्याबद्दल एवढं बोलूनही त्या कोपऱ्यावर मेलेल्यांत तिला कधी मोजलंच नव्हतं. तो परिच्छेद आता परत लिहायला घेतलाय.